जुना लॅपटॉप भंगारात देण्यापूर्वी : नेटवर्कच्या तारेतून लिनक्स बसविण्याची रीत

व्यापार लहान असो वा मोठा, हिशेबाची जागा आता वहीकडून संगणकाकडे गेली आहे. कापडाच्या पेढीपासून जरीच्या कारखान्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एखादा जुना लॅपटॉप कपाटात पडलेला आढळतो. त्याचा पडदा चांगला असतो, कळा चालतात, परंतु विंडोज सुरू व्हायला पंधरा मिनिटे लागतात किंवा ती सुरूच होत नाही. मग दुकानदार तो भंगारवाल्याला देतो आणि नव्यासाठी हप्ते बांधून घेतो. व्यापारी व कारागीर बंधूंनो, यंत्र जुने झाले म्हणजे निकामी झाले असे नाही. माग तोच ठेवून नवा बीम चढवितात, त्याप्रमाणे लॅपटॉप तोच ठेवून त्यावर नवी प्रणाली चढविता येते. सीडीचा ड्राइव्ह नसला आणि पेनड्राइव्हही चालत नसला तरी हे काम नेटवर्कच्या तारेतून होते. ते कसे होते, त्यात धोका कोठे आहे आणि व्यापाऱ्याने काय सांभाळावे, याची माहिती या लेखात देत आहे.

बदल का करावा?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविली. देखभाल संपली म्हणजे यंत्र बंद पडते असे नव्हे. मात्र त्यातील नवी छिद्रे कोणी बुजवीत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. तो ज्या छिद्रातून शिरला त्याची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच निघाली होती. ज्यांनी ती लावली नव्हती ते सापडले. ज्या यंत्रात आपली उधारीची यादी, गिऱ्हाइकांचे फोन आणि जीएसटीचे कागद आहेत, ते यंत्र असे उघडे ठेवणे म्हणजे गोदामाला दार न लावणे होय.

दुसरी गोष्ट इमानदारीची आहे. अनेक दुकानांत विंडोजची चोरटी प्रत चालते. आपण चोरीचे थान दुकानात ठेवत नाही, मग चोरीची प्रत कशी ठेवावी? शिवाय कुलूप तोडून दिलेल्या अशा प्रतीत आणखी काय भरून दिले आहे याची खात्री कोण देणार?

लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि ती उघडपणे वाटण्याची कायदेशीर परवानगी आहे. तिचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केला. त्या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी पूर्ण प्रणाली उभ्या केल्या. त्यांपैकी १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेली डेबियन ही जुनी आणि भरवशाची आहे. या लेखात तीच घेतली आहे.

प्रथम यंत्र ओळखा

कापड घेताना आपण पन्हा व सूत पाहतो. येथे तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, प्रोसेसर ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा. पेन्टियम एम आणि कोअर ड्युओ हे ३२ बिटचे आहेत, तर कोअर २ ड्युओ आणि त्यानंतरचे कोअर आय ३, आय ५ वगैरे ६४ बिटचे आहेत. नावातील त्या एका '२' ने मोठा फरक पडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या जुन्या संगणकांसाठी इन्स्टॉलर दिलेला नाही. अशा यंत्रांसाठी जून २०२३ ची डेबियन १२ हीच शेवटची. गूगल क्रोमने ३२ बिट लिनक्सची साथ २०१६ मध्ये सोडली आणि मोझिलानेही २०२५ मध्ये फायरफॉक्स १४५ पासून ३२ बिट लिनक्ससाठी आवृत्ती काढणे थांबविले. म्हणून ३२ बिटच्या लॅपटॉपवर मालाची नोंद, पत्रे, पावत्या ही कामे करावीत. बँकेचे व्यवहार त्यावर ठेवू नयेत.

दुसरी गोष्ट मेमरी. पडद्यावर चित्रमय कामकाज हवे असेल तर किमान एक जीबी लागते आणि दोन जीबी असावी. इंटरनेटवर काम करायचे असेल तर चार जीबी असलेली बरी. तिसरी गोष्ट हार्डडिस्क. दहा जीबी जागा पुरते, परंतु जुनी डिस्क कुरकुर असा आवाज करीत असेल तर तिच्यावर नवी इमारत उभारू नये. तिच्या जागी लहानशी एसएसडी बसवावी. जुन्या यंत्राचा वेग सर्वांत जास्त तिनेच वाढतो.

उदाहरणासाठी लेनोवो कंपनीचा थिंकपॅड एक्स २०० घेऊ. तो २००८ मध्ये आला. त्यात कोअर २ ड्युओ प्रोसेसर आहे, आठ जीबीपर्यंत मेमरी बसते, आणि सीडीचा ड्राइव्ह मुळातच नाही. सेकंडहँड बाजारात असे लॅपटॉप पुष्कळ फिरले. त्याचे यूएसबीचे खाचे ढिले किंवा मृत झाले, की साधा दुकानदार हात टेकतो. परंतु बाजूला तारेचा खाचा असतोच.

तारेतून काम कसे चालते?

लॅपटॉपमध्ये नवी प्रणाली तीन दरवाजांनी आत जाते : सीडी, पेनड्राइव्ह आणि नेटवर्क. पेनड्राइव्ह चालत असेल तर तोच वापरावा, ती सर्वांत सोपी वाट आहे. ती बंद असेल तेव्हा तिसरा दरवाजा उघडावा.

या तिसऱ्या दरवाजाला पीएक्सई म्हणतात. इंटेल कंपनीने त्याची रीत १९९९ पर्यंत पक्की करून दिली आणि पुढे बहुतेक लॅपटॉपच्या तारेच्या कार्डात ती येऊ लागली. काम असे चालते. नवा कामगार कारखान्याच्या फाटकावर येऊन हाक मारतो, "मी आलो आहे, माझी जागा कोणती?" मुकादम त्याला जागेचा क्रमांक देतो आणि सांगतो की तुझे सामान अमुक खोलीत आहे. मग हमाल ते सामान गाठोड्या-गाठोड्याने आणून देतो. येथे हाक मारणारा लॅपटॉप आहे. मुकादमाच्या कामाला डीएचसीपी आणि हमालाच्या कामाला टीएफटीपी म्हणतात. टीएफटीपी १९८१ पासूनची साधी पद्धत आहे. मूळ रीतीत ती एका वेळी फक्त ५१२ बाइटचे गाठोडे आणते आणि पोहोच मिळाल्यावरच दुसरे उचलते. ती सावकाश चालते, परंतु इतकी साधी आहे की लॅपटॉपच्या एका लहानशा चिपमध्येही मावते.

हमालाने आणलेले सामान म्हणजे डेबियनचा छोटा इन्स्टॉलर. तो शंभर एमबीच्याही आत असतो. तो लॅपटॉपच्या मेमरीत उभा राहतो आणि बाकीची सर्व प्रणाली इंटरनेटवरील डेबियनच्या भांडारातून स्वतः उतरवून घेतो.

आधी वही वाचवा

काम सुरू करण्यापूर्वी हे कलम दोनदा वाचावे. नवी प्रणाली बसविताना जुनी हार्डडिस्क संपूर्ण पुसली जाते. त्यातील टॅलीचा डेटा, एक्सेलच्या याद्या, नक्षीच्या फायली आणि मालाचे फोटो सर्व जाईल. म्हणून यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी घ्याव्यात आणि प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही न मोजलेल्या नोटांच्या बंडलासारखी असते. लॅपटॉप सुरूच होत नसेल तर त्याची डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि प्रथम हिशेब वाचवावा. तीन वर्षांची उधारी गेली तर कोणतीही विनामूल्य प्रणाली ती परत आणून देणार नाही.

लागणारे सामान

१) जुना लॅपटॉप आणि त्याचा चालू चार्जर. बॅटरीच्या भरवशावर हे काम करू नये.
२) मदतीसाठी दुसरा, चालू संगणक. यावर विंडोज असली तरी हरकत नाही. डेबियनची 'लाइव्ह' प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो सुरू केला, तर सर्व काम मेमरीत चालते. बंद केल्यावर त्याची विंडोज जशीच्या तशी राहते. फक्त त्यावेळी 'इन्स्टॉल' हा पर्याय दाबू नये.
३) इंटरनेटचा राउटर आणि दोन नेटवर्क केबल. वायफायवर हा जुना पीएक्सई चालत नाही, तार लागतेच.

पायरी-पायरीने काम

पहिली पायरी : दोन्ही संगणक एकाच राउटरला तारेने जोडावेत. मदतीच्या संगणकावर डीएनएसमास्क हा लहान प्रोग्राम बसवावा. मुकादम आणि हमाल ही दोन्ही कामे तो एकटा करतो.

दुसरी पायरी : डेबियनच्या भांडारातून नेटबूटची गाठ उतरवून एका फोल्डरमध्ये सोडावी. ६४ बिटसाठी एएमडी ६४ नावाची गाठ घ्यावी. प्रोसेसर इंटेलचा असला तरी हेच नाव असते, त्यामुळे गोंधळून जाऊ नये. ३२ बिटसाठी डेबियन १२ मधील आय ३८६ नावाची घ्यावी.

तिसरी पायरी : डीएनएसमास्कच्या फाईलमध्ये पाच ओळी लिहाव्या लागतात. त्या इंग्रजीत असतात. त्यांचा अर्थ ध्यानात ठेवला म्हणजे तंत्रज्ञ काय करतो आहे हे आपल्याला कळते. पहिली ओळ सांगते, नावे शोधण्याचे काम करू नको. दुसरी सांगते, जागेचे क्रमांक राउटरलाच देऊ दे, तू फक्त सामानाची खोली सांग. याला प्रॉक्सी पद्धत म्हणतात. तिसरी सांगते, जुन्या बायोसच्या संगणकाला पीएक्सलिनक्स ही फाईल दे. चौथी हमालाला कामावर घेते. पाचवी त्याला फोल्डरचा पत्ता देते. मदतीच्या संगणकावर फायरवॉल असेल तर ६७, ६९ आणि ४०११ हे दरवाजे यूडीपीसाठी मोकळे ठेवावेत.

चौथी पायरी : जुन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये जाऊन तारीख पाहावी. आतला नाण्याएवढा सेल संपलेला असेल तर तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते. मग भांडाराच्या सह्या जुळत नाहीत आणि काम अडते. तारीख दुरुस्त करून नेटवर्क बूट चालू करावे.

पाचवी पायरी : लॅपटॉप सुरू करताना एफ १२ दाबावे. थिंकपॅड आणि डेल या दोहोंत हीच कळ आहे. यादीतून नेटवर्कचा पर्याय निवडावा. थोड्या वेळात डेबियनचा पडदा येईल, त्यावर 'इन्स्टॉल' निवडावे.

सहावी पायरी : इन्स्टॉलर प्रश्न विचारतो. भाषा इंग्रजी आणि देश भारत ठेवावा, मराठी व उर्दू लिपी नंतर बसविता येते. पासवर्ड वहीत लिहून तिजोरीत ठेवावा. डिस्कचा प्रश्न आला की हात थांबवावा, कारण येथेच जुने सर्व पुसले जाते. लॅपटॉप घेऊन गावोगाव फिरणाऱ्यांनी येथे डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय घ्यावा. यंत्र चोरीला गेले तरी हिशेब चोराला वाचता येणार नाही. मात्र तो पासवर्ड विसरला तर मालकालाही वाचता येणार नाही.

सातवी पायरी : पडद्याच्या सजावटीसाठी अनेक पर्याय दिसतात. जुन्या यंत्राला एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके पर्याय द्यावेत. शेवटी ग्रब नावाचा प्रोग्राम कोठे ठेवायचा हे विचारले जाते, तेथे लॅपटॉपची पहिली डिस्क निवडावी. पुन्हा सुरू होताना नेटवर्कने सुरू होऊ देऊ नये, नाही तर इन्स्टॉलर परत पहिल्यापासून उभा राहतो.

एक्स २०० मधील तारेचे कार्ड सरळ चालते. परंतु वायफायच्या इंटेल कार्डाला फर्मवेअर नावाची वेगळी फाईल लागते. ती नेटबूटच्या छोट्या गाठीत नसते. म्हणून प्रथम तारेवरच काम पुरे करून ती फाईल भांडारातून मागाहून घ्यावी.

पडद्यावर दिसणाऱ्या खुणा

काम अडले तर घाबरू नये. पीएक्सई स्वतःच आपले दुखणे सांगतो.

ई ६१ दिसल्यास केबल निसटली आहे किंवा खराब आहे.
ई ५१ दिसल्यास हाकेला कोणी ओ दिली नाही. राउटर आणि डीएनएसमास्क या दोघांकडूनही उत्तर आलेले नाही.
ई ५३ दिसल्यास जागा मिळाली, परंतु सामानाची खोली कोणी सांगितली नाही. डीएनएसमास्कची दुसरी आणि तिसरी ओळ तपासावी.
ई ३२ दिसल्यास खोली समजली, परंतु हमाल आला नाही. बहुधा फायरवॉल आडवी आली आहे.

या चार खुणा ज्याला समजतात त्याला तंत्रज्ञ उगीच "मदरबोर्ड गेला" असे सांगू शकत नाही.

शेजाऱ्याचे नुकसान होऊ देऊ नका

मार्केटमध्ये अनेकदा चार-पाच गाळ्यांत मिळून एकच इंटरनेट असते. अशा ठिकाणी विशेष खबरदारी हवी. प्रॉक्सी पद्धत सोडून आपल्या संगणकाला पूर्ण मुकादम बनविले, तर एका फाटकावर दोन मुकादम उभे राहतात. शेजाऱ्याच्या बिलाच्या यंत्राला चुकीचा क्रमांक मिळतो, त्याचे इंटरनेट तुटते आणि ऐन गर्दीत त्याचे पैसे घेणे थांबते. त्याला कारणही कळत नाही. म्हणून हे काम सामायिक लाइनवर न करता घरच्या राउटरवर करावे. संपल्यावर डीएनएसमास्क बंद करावा. तो चालू राहिला आणि एखादे दुसरे यंत्र नेटवर्कने सुरू झाले तर त्याच्यासमोरही डिस्क पुसणारा इन्स्टॉलर उभा राहील.

काय चालेल आणि काय चालणार नाही

पत्रे आणि हिशेबाचे तक्ते लिबरऑफिसमध्ये होतात, एक्सेलच्या साध्या फायली त्यात उघडतात. दुहेरी नोंदीचा हिशेब ग्नूकॅशमध्ये ठेवता येतो. जीएसटीचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडते. मराठी आणि नस्तालीक उर्दू या दोन्हींसाठी नोटो नावाचे विनामूल्य टाइप मिळतात.

परंतु टॅली विंडोजसाठी बनविलेली आहे. इनपेजचेही तसेच. जीएसटीची काही ऑफलाइन साधनेही विंडोज व एक्सेल धरून केलेली आहेत. भरतकामाच्या आणि विणकामाच्या नक्षीचे बहुतेक विकत मिळणारे प्रोग्राम विंडोजवरच चालतात. डिजिटल सहीची किल्ली आणि दुकानातील प्रिंटर चालतो की नाही हे आधी तपासावे. मदतीच्या संगणकावर लाइव्ह डेबियन सुरू असतानाच प्रिंटर जोडून एक पावती छापून पाहावी. ज्याचे सर्व काम टॅलीवर आहे त्याने मुख्य संगणक बदलू नये. गोदामातील आवक-जावक, कारागिरांची हजेरी, मुलांचा अभ्यास यांसाठी जुना लॅपटॉप उभा करावा.

एकाऐवजी दहा

या रीतीचा खरा फायदा यंत्रे अनेक असतील तेव्हा दिसतो. एखाद्या संस्थेला किंवा शिवणवर्गाला दहा जुने लॅपटॉप मिळाले, तर दहा वेळा पेनड्राइव्ह फिरवावा लागत नाही. एकदा मांडलेली व्यवस्था दहाही यंत्रांना पुरते. प्रश्नांची उत्तरे प्रीसीड नावाच्या फाईलमध्ये आधीच लिहून ठेवता येतात. अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी हा प्रोग्राम मदतीच्या संगणकावर ठेवला, तर भांडारातून माल एकदाच येतो आणि पुढची नऊ यंत्रे तो घरच्या घरी घेतात. मोबाईलच्या डेटावर काम करणाऱ्यांना ही बचत मोठी आहे.

डेबियन १३ ची नियमित देखभाल ऑगस्ट २०२८ पर्यंत आणि दीर्घ मुदतीची देखभाल जून २०३० पर्यंत आहे. डेबियन १२ ची दीर्घ मुदत जून २०२८ पर्यंत आहे. म्हणजे आज उभा केलेला ६४ बिटचा लॅपटॉप काही वर्षे बिनघोर चालू शकतो, परंतु दर आठवड्याला दुरुस्त्या उतरवून घेण्याची सवय मात्र ठेवावी.

आपल्या घराघरांत संगणक शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांना हा लेख द्यावा, कपाटातील लॅपटॉप समोर ठेवावा आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः शेजारी बसून काम करून घ्यावे. मुलांना हुनर मिळेल, यंत्र कामाला लागेल आणि वाचलेला पैसा मालात घालता येईल. मात्र सुरुवात हिशेबाच्या दोन प्रती घेण्यापासूनच व्हावी.